कोठारातली राख

पहिल्या पंगतीला साठ पत्रावळी मांडल्या होत्या आणि बसली सतरा माणसं.

गिरिजाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून एकदा पाहिलं आणि पुन्हा चुलीकडं तोंड केलं. हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं, पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. त्यांच्या धाकट्या मुलाला, पंचाक्षरीला, लग्नाच्या नवव्या वर्षी मुलगा झाला होता. सकाळी घरचे जंगम अय्या येऊन बाळाची लिंगधारणा करून गेले होते. उन्हं कलली की नाव ठेवायचं होतं. ईट गावात या घरात कार्य निघालं की न बोलावलेली माणसंही येत. आज बोलावलेलीच आली नव्हती.

"पाटलाच्या घरनं निरोप आला, पोट बिघडलंय म्हणून," थोरली सून महादेवी म्हणाली. "माळ्याकडनं आला, बैल आजारी हाय."

"आन् गोरोबा कुंभार?"

"त्यानं निरोपच धाडला न्हाय."

"म्हंजे तेवढा एक खरं बोलला," गिरिजाबाई म्हणाल्या आणि हुग्गी ढवळू लागल्या.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. आठ दिवसांमागं चावडीमागचं सरकारी कोठार जळालं. लेव्हीचा, सरकारनं सक्तीनं वसूल केलेला, जोंधळा होता त्यात, ईट आणि आसपासच्या बारा गावांनी घातलेला. राखणदार खाजाभाईची बिडी पडून आग लागली, चारशे पोती राख झाली, असा पंचनामा झाला आणि दुसऱ्या दिवशी खाजाभाईला भूमच्या कोठडीत नेऊन टाकलं. त्या पंचनाम्यावर पंच म्हणून पहिली सही पंचाक्षरीची होती. तो रियासत पार्टीचा ईटचा नायब, म्हणजे गावातला प्रमुख. या पार्टीचे लोक हैदराबादला दरबारात होते आणि तालुक्याला कचेरीत, त्यामुळं ती म्हणेल तेच सरकार म्हणत होतं. खाजाभाई बिडी ओढत नाही, तंबाखू खातो, हेसुद्धा सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्या पंगतीची वाट बघत असतानाच दारात खर्ड्याची बैलगाडी थांबली. शिवगंगा आली. गिरिजाबाईंची एकुलती एक लेक, दोघा भावांच्या मधली, सरहद्दीपलीकडं इंग्रजी मुलुखात, खर्ड्याला दिलेली. तिनं पायांवर पाणी घेतलं. बाळाचं कुंची-अंगडं महादेवीच्या हातात दिलं, पण बाळाला बघायला गेली नाही.

"आव्वा, जरा कोठीत चल."

"लेकरू तर बघ आधी."

"बघते. आधी तू चल."

कोठीच्या खोलीत शिवगंगेनं पदराची गाठ सोडली आणि आईच्या तळहातावर विभूतीचा एक खडा ठेवला.

गिरिजाबाईंनी तो उजेडाला धरला. खड्यावर तीन बोटांचे ठसे होते, कडेचे दोन लांब आणि मधलं बोट आखूड. त्यांनी आपली उजव्या हाताची बोटं त्यावर टेकवली. कडबा तोडताना मधल्या बोटाचं पेर विळ्याखाली गेलं, त्याला तीस वर्षं झाली होती. शेण्या जाळून, राख वस्त्रगाळ करून त्या दर वर्षी विभूतीचे खडे वळत आणि ओले असतानाच त्यावर तीन बोटं दाबत. घरातून धान्याचं पोतं बाहेर जायचं झालं की तोंड शिवायच्या आत एक खडा आत टाकायचा, मग ते पोतं बाजाराला जावो, देवळाला जावो की सरकारला. कोण खाणार ते आपल्याला कळत नाही, पण खाणाऱ्याला पचलं पाहिजे, असं त्यांच्या सासूनं सांगितलं होतं.

"कुठं घावला?"

"माझ्या घरात. आमच्या मालकांनी मागल्या मंगळवारी खर्ड्याच्या बाजारातनं जोंधळ्याचं पोतं आणलं. परवा दळायला काढलं तर वरच हे."

"मागला मंगळवार," गिरिजाबाई हळू म्हणाल्या. "कोठार तर त्याच्या दोन दिवसांनी, गुरुवारी जळालं."

"म्हणून तर आले म्या. नुसत्या बारशाला चैताच्या उन्हात दोन बैल दमवले नसते."

---

थोरल्या महांतप्पाला बोलावलं तेव्हा तो सोप्यात पाहुण्यांना पान देत होता. पन्नाशीचा, अंगानं भारी, गावात कापडाचं आणि भुसाराचं दुकान. खडा पाहताच त्यानं आधी कोठीचं दार लोटलं.

"कुणाकुणाला दावलंस हे?"

"आण्णा, आव्वाला आन् तुला."

"मग आता पुन्यांदा गाठ मार आन् परत घेऊन जा. बब्रुवान देशमुख यायलेत जेवायला. तिसऱ्या प्रहरी तहसीलदार चावडीत बसणार हायत, चौकशी मिटवायला. पंचाक्षरीनं नुसतं व्हय म्हणायचं हाय. झालं मग."

"आन् खाजाभाई?" शिवगंगेनं विचारलं.

"सहा महिन्यांनी सुटंल."

"सहा महिने! तुझ्या दुकानाला सहा दिवस कुलूप लागलं तर तू अंथरूण धरतोस."

"शिवगंगे, तुझं घर इंग्रजी मुलुखात हाय. तुला बोलाया काय जातंय? कापडाचा परवाना, घासलेटचा परवाना, समदं त्या देशमुखाच्या हातात. म्याच म्हणलो व्हतो का ह्याला, जा त्या पार्टीत? तवा म्या न्हाय म्हणत व्हतो, आव्वा 'जाऊ दे' म्हणत व्हती."

ते खरं होतं.  दोन वर्षांमागं पंचाक्षरी पार्टीत गेला तेव्हा विहीर होईल, शाळा होईल, असं तो सांगत होता. गिरिजाबाईंनाही ते ऐकायला बरं वाटलं होतं.

"दार का लावलंय?" बाहेरून पंचाक्षरीचा आवाज आला आणि दार उघडलं. नवं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, छातीवर पार्टीचा पितळी बिल्ला. "आक्का, तू आलीस आन् कोठीत? लेकराला..."

त्याचं लक्ष आईच्या तळहाताकडं गेलं. शिवगंगेनं सगळं पुन्हा सांगितलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला.

"हे कुणी तरी मुद्दाम केलंय. पार्टीची बदनामी करायला. एक खडा काय, कुठूनबी जाईल. म्या माझ्या डोळ्यांनी राख बघितलीय, आक्का. गुडघाभर राख व्हती."

"आत जाऊन बघितलीस?" आईनं विचारलं.

"दारातनं बघितली."

"आत का गेला न्हाईस?"

 तो चिडून म्हणाला, "जळालेला का असंना, जोंधळा व्हता त्यो! त्यात पाय घालू का? तूच शिकवलंस. देशमुख बी म्हणाले, पंचाक्षरीअप्पा, तुमच्यासारख्या माणसानं अन्नावर पाय देऊ नये, इथनंच बघा. म्या हात जोडले आन् सही केली."

"देशमुखाला बरी ठावी आपल्या घरची रीत," शिवगंगा म्हणाली.

गिरिजाबाई खाली बसल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी धाकट्याकडं वर पाहिलं.

"पंचाक्षरी, एक सांग. वास कसला येत व्हता?"

"कसला म्हंजे? जळाल्याचा."

"पंचमीला आपण शेरभर लाह्या भाजतो तर वेशीपतूर वास जातो. चारशे पोती जोंधळा जळाला. समद्या गावात लाह्यांचा वास सुटाया पायजे व्हता. म्या त्या सकाळी अंगणात व्हते, मला न्हाय आला. तुला आला?"



---

पंचाक्षरी तिथून निघून मागच्या पडवीत गेला. त्याला ती सकाळ नीट आठवत होती. जळक्या गोणपाटाचा वास आला होता आणि भुसकट पेटल्यावर येतो तसा डोळ्यांत जाणारा धूर. लाह्यांचा वास आला नव्हता. तेव्हा ते ध्यानात आलं नाही, कारण ध्यानात घ्यावं असं त्याच्या मनात नव्हतं.

लेव्हीच्या वेळी घरोघर तोच गेला होता. पाऊस न झालेल्या तालुक्यांत लोक पाला खाऊन दिवस काढतात, त्यांच्यासाठी द्या, असं त्यानं हात जोडून सांगितलं होतं. गावातल्या गरीब दगडाबाईनं बियाण्याचं गाडगं पुढं केलं तेव्हा त्याला भरून आलं होतं, आणि त्यानं ते घेतलं होतं. स्वतःच्या घराला पंचवीस पोती लागू असताना त्यानं भांडून चाळीस घातली. महांतप्पा पंधरा दिवस बोलला नाही. आणि ते सगळं खर्ड्याच्या बाजारात विकलं गेलं असेल तर त्याच्या हात जोडण्याला काय म्हणायचं?

पडवीला लागून बाळंतिणीची खोली होती. आतून त्याच्या बायकोचा, शिवकांतेचा आवाज आला. "ऐकलं म्या समदं. कोठीची भिंत पातळ हाय."

"तू नीज."

"तेरा दिवसांमागं माझी सुटका हुईना, तवा कोण बसलं व्हतं माझ्यापाशी? रहिमतबी. नाळ तिनं कापली. रोज येऊन मला न् लेकराला तेल लावायची. आठ दिवस झाले, आली न्हाय. तिच्या नवऱ्याला तुम्ही आत घातलं, ती कशी यावी?"

"म्या घातलं न्हाय."

"सही कुणाची हाय?"

बाळ कुरकुरलं. तिनं त्याला छातीशी घेतल्याचा आवाज आला.

"खरं बोललो तर मला बी आत घालतील, शिवकांता."

"घालतील की." ती बाळाला थोपटू लागली. "आत्याबाई हायत, वैनी हायत. हुग्गी तर एवढी उरलीय की महिनाभर आमी उपाशी मरत न्हाय."

त्याला हसू आलं. हसताना डोळे भरून आले, म्हणून तो बराच वेळ पडवीतच उभा राहिला.

---

बब्रुवान देशमुख बैलांच्या दमणीतून उतरले तेव्हा अंगणात अत्तराचा वास पसरला. रियासत पार्टीचे तालुक्याचे सदर, म्हणजे अध्यक्ष. तोंडात पान, खांद्यावर जरीचं उपरणं.

"कुठाय आमचा नवा मेंबर? बिल्ला आणलाय त्याला चांदीचा!"

सोप्यात बसलेली दोन-चार माणसं हसली. महांतप्पानं पुढं होऊन गादी झटकली. देशमुख बसले, पत्रावळींच्या ओळीकडं त्यांनी नजर टाकली आणि म्हणाले, "माणसं कमी दिसतात."

"ऊन हाय," महांतप्पा म्हणाला.

"ऊन न्हाय, माज हाय. उतरवू. तुम्ही काळजी करू नका, महांतप्पा. घासलेटचा परवाना आता समद्या मंडळाचा तुमच्या नावानं होतोय. पंचाक्षरीअप्पा, तुम्ही तिसऱ्या प्रहरी चावडीत एवढंच म्हणा, पंचनामा बरोबर हाय. तहसीलदार नवा हाय, जरा किरकिऱ्या. पण तुमच्या शब्दाला गाव मान देतं, हे त्याला बी ठावं हाय."

"खाजाभाई बिडी ओढत न्हाय," पंचाक्षरी म्हणाला.

"त्या दिवशी ओढली आसंल."

"आमचा चाळीस पोती जोंधळा व्हता त्यात."

"आता गेला त्यो गेला," देशमुख पानाचा तोबरा सावरत म्हणाले. "आन् खरं सांगू का? तुमच्या घरचं म्हणून बोललो न्हाय कधी. पर तुमचा जोंधळा निम्मा किडका व्हता. जळाला ते बरं झालं. खाणाऱ्याची पोटं तरी वाचली."

महांतप्पा सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला.

"काय म्हणालात?"

"थट्टा केली हो."

"न्हाय, काय म्हणालात तुम्ही? किडका?" महांतप्पाचा आवाज चढत गेला. "हिवाळाभर त्या शाळूपाशी म्या निजलोय. खळ्यावर वाऱ्याची वाट बघत, पाटी घेऊन तिवईवर उभा राहून म्या सोता उपणलाय त्यो, ह्या वयात, ह्या पोटानिशी! एकेक दाणा मोत्यावानी व्हता. घालू नगं म्हणत व्हतो, पर घालायचा ठरल्यावर निवडून घातला. त्याला किडका म्हणता? आमच्या दारात बसून?"

"महांतप्पा, परवान्याचं..."

"घासलेट जाळा तुमचं तुम्ही!" तो उठला. देशमुख आपल्या दमणीकडं बघू लागले. महांतप्पा भावाकडं वळला आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाला, "चल. म्या बी येतो. आव्वा, त्यो खडा दे इकडं."

दारामागं उभ्या शिवगंगेनं आईला कोपरानं ढोसलं. "दोन घंटे म्या समजावत व्हते. किडका म्हणल्यावर उठला."

"बापावर गेलाय," गिरिजाबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

---

चावडीच्या ओट्यावर तहसीलदार खुर्ची टाकून बसले होते. शेजारी पेशकार दऊत-कागद घेऊन बसलेला. समोर गाव जमलं होतं. कुणाचं पोट बिघडलेलं दिसत नव्हतं. कडेला रहिमतबी जमिनीकडं बघत बसली होती. बिल्ले लावलेली सात माणसं पुढं होती. बब्रुवान देशमुख मागून आले आणि दुसऱ्या खुर्चीवर बसले.

"पंचाक्षरीअप्पा," तहसीलदार म्हणाले, "ही सही तुमची?"

"व्हय, माझी."

"पंचनामा बरोबर है?"

 पंचाक्षरीनं गावाकडं पाहिलं. कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. तो काय म्हणणार हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"न्हाय साहेब. म्या दाराबाहेर उभा राहून सही केली. आत गेलो न्हाय, जोंधळा जळालेला बघितला न्हाय. न बघता सही केली. खाजाभाईला बिडी ओढताना म्या कधीच बघितलं न्हाय."

माणसं त्याच्याकडं बघू लागली. त्यानं खडा पुढं केला आणि खर्ड्याच्या पोत्याची हकीकत सांगितली. तहसीलदारांनी गिरिजाबाईंना पुढं बोलावून त्यांची बोटं पाहिली.

"बायकांचा खेळ हाय साहेब," देशमुख हसत म्हणाले. "माहेराहून लेकीला पोतं गेलं आसंल. त्यात खडा सापडला, तर नवल काय?"

"औंदा लेव्ही सोडून आमच्या घरातनं एक पायलीसुद्धा भायेर गेली न्हाय," महांतप्पा म्हणाला. "समदं ह्यानंच घातलं लेव्हीत. म्या पंधरा दिवस बोललो न्हाय ह्याच्याशी, गावाला इचारा."

"घर के लोग आपसात कुछ भी म्हणतील," तहसीलदार म्हणाले. "बाहेरचा कुणी आहे का बोलणारा?"

 मग मागून गोरोबा कुंभार उठला.

"साहेब, म्या भट्टी लावणारा माणूस. जाळ कशाचा हाय ते मला इचारा. धान्याचा ढीग पेटला तर आठ दिवस आत धुमसतो. ही राख दुसऱ्या दिवशी गार व्हती, माझी गाढवं त्यात लोळून आली. भुसकट जळालंय तिथं. मला पयल्या दिशीच ठावं व्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? पंचच त्यांचा." त्यानं पंचाक्षरीकडं बघितलं. "आता बोललो."

तहसीलदार उठले आणि चावडीमागं गेले. गाव त्यांच्यामागं गेलं. कोठाराच्या दाराशी पंचाक्षरी क्षणभर थांबला, मग राखेत उतरला. ती पोटरीपर्यंतच आली. दोन्ही हातांनी त्यानं कोपरा उकरला, दुसरा उकरला, मधे उकरलं. गोरोबा उतरला, महांतप्पा धोतर खोचून उतरला. चारशे पोत्यांच्या जागेत जोंधळ्याचा एक काळा दाणासुद्धा निघाला नाही. तळाशी न जळालेलं भुसकट तेवढं निघालं.

"सरहद्दीच्या नाक्यावरून पोती कुणाच्या परवान्यानं गेली, ते जकातीच्या, करोडगिरीच्या दप्तरात सापडेल," तहसीलदार म्हणाले. देशमुखांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तहसीलदार त्यांच्याकडं बघतच नव्हते. "राखणदाराला सोडायचा हुकूम आजच भूमला जाईल."

"आजच?" रहिमतबीनं विचारलं.

"आजच. स्वार जाईल."

देशमुखांची दमणी वेशीकडं निघाली तेव्हा त्यांना पोहोचवायला कुणी उठलं नाही. बिल्ले लावलेल्या सातजणांपैकी तिघांनी उपरणं छातीवर ओढून घेतलं होतं. पंचाक्षरीनं आपला बिल्ला काढून पेशकाराच्या कागदांवर ठेवला. पेशकारानं तो दोन बोटांनी बाजूला सरकवला, कारण त्याला नवा पंचनामा लिहायचा होता.

लिहून झाला. "पंच कोण?" पेशकारानं विचारलं. गोरोबानं अंगठा उठवला. "दुसरा?"

माणसं एकमेकांकडं बघू लागली. पंचाक्षरी राखेनं माखलेले पाय घेऊन कडेला उभा होता. आपलं नाव पुन्हा कुणी घेईल असं त्याच्या मनातही नव्हतं.

"त्येलाच लिहा," रहिमतबी म्हणाली.

"अम्मा, खोट्या पंचनाम्यावर याचीच सही होती," तहसीलदार म्हणाले.

"व्हती की. म्हणून तर. एकदा चुकलाय, आता नीट बघंल."

गर्दीत कुणीतरी हसलं, मग बरेचजण हसले. ते हसणं टोचणारं नव्हतं. पंचाक्षरी ओट्याशी आला. पेशकारानं कागद आणि टाक त्याच्यापुढं केला. त्यानं हात मागं घेतला.

"उर्दूत हाय. वाचून दाखवा. एकेक ओळ, मराठीत."

पेशकारानं कपाळाला आठ्या घातल्या, तहसीलदारांकडं पाहिलं, आणि वाचू लागला. उन्हं उतरली होती. घरी बाळ अजून बिनानावाचं होतं आणि कुणालाच उठायची घाई नव्हती. तिसऱ्या ओळीला पंचाक्षरीनं हात वर केला.

"थांबा. 'धान्य फारसं आढळलं नाही' असं का लिहिलंय? फारसं न्हाय. एक दाणाबी न्हाय. तसं लिहा."

पेशकारानं ती ओळ खोडली आणि तसं लिहिलं.

"हां," पंचाक्षरी म्हणाला. "फुडं वाचा."